मोहाची तिसरी पिढी

बाबा, इटलीत ज्या घरी मी वाईन करायला शिकले, त्या घराच्या जेवणाच्या खोलीत एका भिंतीवर ओळीने फोटो लावलेले होते. पणजोबांनी डोंगरउतारावर वेली लावल्या, आजोबांनी तळघर खोदलं, वडिलांनी बाटल्या परदेशी पाठवल्या. आता मुलगी सगळं बघते. म्हाताऱ्या मालकांनी मला विचारलं, तुमच्याकडे आधी कोण होतं? मी सांगितलं, आजी लग्नकार्यासाठी मोहाची दारू काढायची आणि वडिलांचं दुकान होतं. त्यांना इतका आनंद झाला! म्हणजे तुम्ही तिसरी पिढी, असं म्हणत त्यांनी, बाबा, तुमच्या नावाने ग्लास उचलला. टेबलाभोवतीचे सगळे उभे राहिले. दुकान कसलं होतं, ते कुणी विचारलं नाही.

घाटंजी रस्त्यावरचं आपलं देशी दारूचं दुकान. कापसाची ती वाईट वर्षं. बोंडं अळीने पोखरलेली, पाऊस नको तेव्हा आलेला, आणि दुकानाला मात्र दुसरं शटर लागलं. मला नवी सायकल आली. त्या वर्षी वर्गात आणखी कुणाकडेच नवीन काही आलं नव्हतं. तुम्ही स्वतः कधी घेतली नाहीत, शिवी दिली नाहीत, मापात खोट केली नाहीत. लोक म्हणायचे, माणूस सज्जन आहे. तेच मला आता जास्त छळतं.

शेजारच्या काकांचा स्वतःचा स्टीलचा गिलास दुकानात ठेवलेला असायचा, त्यावर त्यांचं नाव कोरलेलं. लग्नातला आहेर. कापूस वेचायच्या दिवसांत ते मला बैलबंडीत बसवून शेतावर न्यायचे आणि बैलांशी बोलावं तसं माझ्याशी बोलायचे. मग ते गेले. कसे गेले ते गावात कुणी मोठ्याने बोललं नाही. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी काकू भरदुपारी दुकानात आल्या. गिऱ्हाइकं बाजूला सरकली. मी तुमचा डबा घेऊन आले होते.

"बसा वहिनी," तुम्ही म्हणालात.

"बसाले नाही आली, भाऊजी. त्यायचा गिलास हाये तुमच्यापाशी. तो द्या."

तुम्ही गिलास काढलात, राखेने घासलात, धुतलात, आणि काय मनात आलं कोण जाणे, माठातलं पाणी भरून त्यांच्यापुढे धरलात. काकूंनी पाणी पायरीवर ओतलं, गिलास पदराखाली घेतला आणि निघून गेल्या. त्यानंतर दुकान बंद करायच्या मतदानासाठी घरोघरी जाऊन बायकांच्या सह्या घेणाऱ्या त्याच होत्या.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर बायकांची रांग. उभी बाटली म्हणजे दुकान राहील, आडवी म्हणजे बंद. आई इस्त्रीचं लुगडं नेसून गेली. संध्याकाळी निकाल लागला, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात. चुलीवर भाकरी होती.

"तू कोणती केली?"

"आडवी," आई म्हणाली. तिने भाकरी उलटली.

तुम्ही ताट पुढे ओढलंत. मग म्हणालात, "बरं केलं. वाढ."

दुकान बंद झालं, पण तुम्ही जातच राहिलात. दुपारी आत शिरायचं, शटर खाली ओढायचं, अंधारात बसायचं. बाहेरून कुणी सवयीने शटरवर थाप मारली की तुम्ही श्वास रोखून धरायचात. एकदा मी आत होते. तुम्ही माझा हात घट्ट धरलेला, आणि बाहेरचा माणूस नुसता उभा. कितीतरी वेळ त्याच्या चपला शटरखालच्या फटीतून दिसत होत्या. तो गेल्यावरही तुम्ही हात सोडला नाहीत.

तुमच्या जाण्यानंतर खूप वर्षांनी मी मोहफुलांच्या वाईनचा परवाना मागितला. ग्रामसभेत काकू उभ्या राहिल्या. पाठीत वाकलेल्या, आवाज तोच.

"तुहा बाप इकत होता तवा माहा माणूस गेला. तू कोणाले इकशील?"

"काकू, आपल्या गावात एक बाटली नाही इकणार. सारी बाहेर जाईल, मुंबई-पुण्याले."

"काहून, तिकडच्यायले बायका नसतात काय?"

मी हातातला अर्ज घडी घालत, उलगडत राहिले. मग दुसऱ्या बायका बोलल्या. फुलं वेचायचं काम हवं होतं त्यांना. काकूंची सूनही त्यांच्यात होती. ठराव झाला. काकूंनी हात वर केला नाही. सुनेला अडवलंही नाही.

आता वाईनच्या टाक्या वाढल्यात, बाभुळगावकडूनही फुलं येतात. परवा पहिली मोठी गाडी मुंबईला निघाली तेव्हा कामावरच्या पोरींनी नारळ फोडला, पेढे वाटले. मी हसत होते. गाडी वळणाआड गेली आणि माझ्या मागे कुणीतरी श्वास रोखून उभं आहे असं वाटलं. वळून बघायचं धाडस झालं नाही.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवला नसता. नवी टाकी उघडली की पहिला ग्लास माझ्या हातात देतात. मी तोंडात घोळवते आणि थुंकते. पोरींना वाटतं, ही चाखायची इटलीची पद्धत. पद्धत आहेच ती. पण मी आजवर एकही घोट गिळलेला नाही. चव चांगली झालीय, बाबा. फार चांगली. त्याचीच भीती वाटते.