आप्पांची घागर

मन्मथ,

दूध डेअरीला घातलंय. भाकरी झाकून ठेवलीय, रात्री ताटावरून उठलास तसा आता उठू नको. टँकर आला की आप्पांची घागर सगळ्यांच्या मागं लाव. ते गेले म्हणून त्यांची रीत मोडायची न्हाई.

मी अंबाजोगाईला चर्चमध्ये चालले. घाबरू नको, गळ्यातलं इष्टलिंग गळ्यातच हाय. येशूकडं मन लई ओढतंय, पण आज बाप्तिस्मा न्हाई. येशूचं नावही न ऐकता गेलेले आपले आप्पा कुठं असतील, एवढं पाद्रीबाबांना परत विचारायचंय. मागं म्हणाले, "आधी तुझं बघ."

माझं एकटीचं कसं बघू? आप्पा तिथंही सगळ्यांना पुढं सोडून दाराशी थांबले असतील. त्यांना ओलांडून मी आत जाणार न्हाई, हे सांगून येते.

– अक्का