कपाळावरच्या चकत्या

॥ श्री ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर
८ मार्च २००४

तीर्थस्वरूप सौंदर्याअक्का हिस,
धाकट्या राजशेखरचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कृष्णात कंडक्टरच्या हाती देतोय. तुझ्या सासरचा फोन सोप्यात हाय, तिथं समदे कान टवकारून बसणार. म्हणून फोन करणार न्हाई, तूबी करू नगंस.

आपला सोमेश जित्ता हाय. पर मल्लूच्या बंदुकीचा छर्रा नाकाच्या बाजूनं आत गेलाय आणि उजव्या डोळ्याच्या पार मागं जाऊन बसलाय. डोळा वांग्यागत काळानिळा झालाय. त्या डोळ्याला उजेड तेवढा कळतोय, माणूस कळत न्हाई. क्रांती मॅडम म्हणून डॉक्टर हायत. त्या म्हणाल्या, नजरेची शीर छर्‍याला टेकलीय, सूज वाढली तर डोळा गेला म्हणून समजा, आणि काढताना हात चुकला तर मेंदूलाच लागंल.

दवाखान्यात मी सांगितलं की मक्यावरची पोपटं हाकलताना चुकून बार उडाला. पोलिसांचं लचांड नगं. घरातलं घरात बघून घेऊ. सख्ख्या मामाच्या पोरानं हे करावं? तुझा दीर हाय म्हणून तुला आधीच सांगून ठेवतो, सोमेशचा डोळा गेला तर मल्लूचा डोळा मी माझ्या अंगठ्यानं काढणार. आप्पांच्या फोटोवर हात ठेवून बोललोय. अव्वानं ऐकलंय, ती नगं म्हणाली न्हाई.

तू जिवाला जप. तुझ्यावर राग न्हाई, तुझ्या घरावर हाय.

तुझा,
राजशेखर


कुरुंदवाड
१० मार्च २००४

चि. राजशेखर यास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

शुद्धलेखनापायी शाळेत एवढा मार खाल्लास, तरी तुझं हाय आणि न्हाई काही सुटलं नाही. पण पत्र वाचून हसू आलं नाही रे.

सोमेश माझाही भाऊ आहे. त्याच्या डोळ्यासाठी मी इथं काय काय बोलून बसले आहे ते सांगत नाही. पण खरं तेही ऐक. पाण्याची पाळी मल्लूची होती. सोमेशनं चालू पाणी बंद केलं आणि वर व्हॉल्व्हच्या लोखंडी पान्ह्यानं मल्लूच्या तोंडावर हाणलं. पुढचे दात पडले त्याचे. तो रक्त थुंकत खोपीत गेला आणि बंदूक घेऊन आला. दोघंही सारखेच माजलेले. मल्लूला आता माळ्यावर कोंडलाय. चावता येत नाही म्हणून मी त्याला पेज भरवते, आणि भरवताना मनात शिव्या घालते.

मामंजी तीन दिवस जेवले नाहीत. सारखं एकच, माझ्या बहिणीच्या, गंगव्वाच्या पोराला माझ्याच पोरानं मारलं. सासरे झाले तरी ते आपले मामाच आहेत, अव्वाच्या पाठचा भाऊ. आज ते डबा घेऊन तुमच्याकडं यायला निघालेत. त्यांच्याशी नीट वाग. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण हात उचलू नकोस. तुझा हात तोंडाच्या आधी चालतो, लहानपणी मीही खाल्लाय.

आणि ती शपथ सोडून दे. दोन्ही घरांत माझीच माणसं आहेत. कुणाचाही डोळा गेला तरी रडायचं मलाच.

माया आहे तशीच असू दे.

तुझी,
सौंदर्याअक्का


कोल्हापूर
१२ मार्च २००४

तीर्थस्वरूप अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

नशीब बघ, दवाखान्यात डॉक्टर लोकांचं शिबिर हाय आणि त्यासाठी मुंबईवरनं एक मशीन आलंय. उद्यापर्यंतच हितं हाय. मॅडम म्हणाल्या, त्याच्यावरच सोमेशचं ऑपरेशन करायचं. मला आणि अव्वाला बसवून त्यांनी समदं समजावलं. सोमेशच्या कपाळावर, कानशिलावर, कानामागं मधी भोक असलेल्या गोल चकत्या चिकटवल्यात. त्या चकत्यांसकट डोक्याचा स्कॅन काढला. उद्या थेटरात एका सळईचं टोक एकेका चकतीला लावायचं, म्हणजे मशीनला कळतं की फोटोतलं डोकं आणि टेबलावरचं डोकं कसं जुळतंय. मग नाकातनं हत्यार आत गेलं की टोक कुठं हाय ते पडद्यावर दिसतं. पर चकती जरा जरी हलली तर मशीन दाखवणार एकीकडं आणि हत्यार जाणार दुसरीकडं. म्हणून आंघोळ न्हाई, तोंड पुसायचं न्हाई, कपाळाला हात लावायचा न्हाई. मॅडमनी अव्वाकडनं हे दोनदा वदवून घेतलं.

तुझा सासरा रोज येतोय. डबा ठेवतोय, कोपर्‍यात बसतोय. मी बोललो न्हाई, तू सांगितलंस म्हणून. आज मी आणि अव्वा खाली चहाला गेलतो, वर आलो तर हा म्हातारा सोमेशच्या उशाला बसून त्याच्या कपाळावर हात ठेवतोय. मी वराडलो तसा हात काढला. म्हणाला, ताप बघत हुतो. मला त्याच्या तोंडाकडं बघवत न्हाई.

अव्वा रात्री सोमेशजवळ थांबणार हाय. उद्या काय ते कळंल. देवाजवळ बस.

तुझा,
राजशेखर


कोल्हापूर
१३ मार्च २००४

तीर्थस्वरूप अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

आधी चांगलं सांगतो. छर्रा निघाला. सोमेशनं उजव्या डोळ्यानं माझी बोटं बरोबर मोजली. मी दवाखान्यातच रडलो, खोटं कशाला बोलू.

आता दुसरं. तुला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगतो. सकाळी सोमेशला आत नेला आणि थोड्या वेळानं मॅडम लालबुंद होऊन भाईर आल्या. सळई नाकाच्या शेंड्याला लावली तर मशीन गालावर दाखवत हुतं. कपाळावरच्या चकत्या कुणीतरी काढून परत लावल्यात, म्हणाल्या. आमच्या ध्यानात आलं न्हाई आसतं तर हत्यार सरळ मेंदूत गेलं आसतं. कपाळाला कुणी हात लावला हुता, असं त्यांनी विचारलं.

कुणी लावला हुता ते मी डोळ्यानं बगितलं हुतं. सोमेश टेबलावरच मेला, न्हाईतर वाचा गेली, तर मल्लूनं गोळी घातली हे सांगणार कोण? म्हातार्‍याला तेच पायजे हुतं. म्हातारा तवाच डबा घेऊन दवाखान्याच्या पायर्‍या चढत हुता. मी तोच डबा हिसकून घेतला आणि त्याच्या डोसक्यात घातला. खाली पडला तर छातीत लाथा घातल्या. केस धरून डोकं पायरीवर आपटलं. फुटलं की टोपीतनं रक्त आलं. त्यानं हातसुद्धा वर केला न्हाई, नुसता शेखर, शेखर करत हुता. वॉचमननं मला वडला न्हाईतर तिथंच संपवला आसता. म्हातारा उठला आणि कुणाला काय न सांगता निघून गेला. अव्वा शेजारीच उभी हुती, पदर तोंडात धरून. ती एक शब्द बोलली न्हाई. तिलाबी पटलंच की.

मग नव्या चकत्या लावून परत स्कॅन केला आणि दुपारी ऑपरेशन झालं. डोळा वाचला म्हणून मल्लूला सोडला, जा. माझी शपथ फिटली. बापाला मात्र मिळालं ते कमीच हाय.

रागावू नगंस.

तुझा,
राजशेखर


कुरुंदवाड
१४ मार्च २००४

चि. राजशेखर यास,
आशीर्वाद.

सोमेशच्या डोळ्याचं वाचून देवापुढं साखर ठेवली. पुढचं वाचून ती साखर घशाखाली गेली नाही.

मामंजी काल संध्याकाळच्या गाडीनं आले. डोक्याला फडकं, ओठ फाटलेला, श्वास घेताना कण्हत होते. सगळ्यांना म्हणाले, दवाखान्याच्या ओल्या पायर्‍यांवरून घसरलो. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. सासूबाईंनी हळद भरली. डॉक्टरकडं चला म्हटलं तर नको म्हणतात, डॉक्टर विचारील कसं लागलं. आज दोनदा ओकले. दिवसभर झोपूनच आहेत, हाक मारली की उशिरा ओ देतात.

मी एकटीच असताना त्यांना विचारलं, तुम्ही चकत्या काढल्या का. त्यांना कसल्या चकत्या तेच कळेना. म्हणाले, पोराचं अंग गरम वाटलं म्हणून हात ठेवला, लगेच काढला. राजशेखर, हा माणूस मला खोटं बोलताना कधी दिसला नाही. तू काढताना पाहिलंस की नुसता हात पाहिलास? एवढं लिही. बाकी काही लिहू नकोस.

सौंदर्या


कोल्हापूर
१५ मार्च २००४

तीर्थस्वरूप अक्का हिस,
शि. सा. न.

नुसता हात बगितला.

आज मॅडम सोमेशला बघायला आल्या आणि अव्वालाच बोलायला लागल्या. म्हणाल्या, त्या दिवशी घाईत सांगायचं राहिलं, आजी, चकत्यांच्या खाली भस्म हुतं. तीन बोटांचे पट्टे. तुमच्या भक्तीपायी पोरगं गेलं आसतं. मी अव्वाकडं बगितलं. तिनं मान खाली घातली.

मॅडम गेल्यावर विचारलं. म्हणाली, व्हय, मीच. लिंगवंताचं पोर उघड्या कपाळानं सुरीखाली कसं घालू? चकत्या नेमक्या भस्माच्या जागी हुत्या. रात्री तो झोपेत हुता तवा हळूच काढल्या, भस्म लावलं, परत दाबून बसवल्या. तिला वाटलं, हुत्या तिथंच बसल्या.

मग मी मामाला मारत हुतो तवा का बोलली न्हाईस, असं विचारलं. अक्का, तिनं काय सांगितलं ते ऐक. म्हणाली, मॅडमनी विचारलं तवाच मला कळलं हुतं की माझंच काम हाय. पर माझ्या लेकराच्या डोळ्यात ह्याच्या लेकरानं शिसं घातलं आणि हा डब्यातनं पिठलं घेऊन येतोय, हे बघून रोज माझं काळीज जळत हुतं. एक-दोन बसू देत म्हटलं. मग तू थांबलाच न्हाईस, आणि मला बोलायचं धाडस झालं न्हाई.

आता ती जेवत न्हाई, मीबी जेवलो न्हाई. तू मामाला गाडी करून हितं घेऊन ये. ओकतोय म्हणजे चांगलं न्हाई, मॅडमनासुद्धा विचारलं, त्या म्हणाल्या ताबडतोब आणा, डोक्याचा स्कॅन काढायला पायजे. मी त्याच्या पायावर डोकं ठेवतो. तो मला मारंल तेवढं मारू दे. फकस्त आण.

राजशेखर


कुरुंदवाड
१७ मार्च २००४

राजशेखर,

काल सकाळी कृष्णातनं तुझं पत्र हातात दिलं तेव्हा अंगणात माणसं जमली होती. पहाटेच मामंजी गेले. आदल्या संध्याकाळपासून घोरत होते, आम्हाला वाटलं, बरं झालं, गाढ झोप लागली. काल दुपारी माती दिली. तुम्हाला निरोप मीच जाऊ दिला नाही, सोमेशला सोसणार नाही असं सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. तू मातीला आला असतास तर मी तुला खांदा देऊ दिला नसता.

इथं सगळ्यांना अजून पायरीवरून घसरले असंच वाटतं. खरं जाणणारी मीच एकटी. गप्प बसावं असं मलाही वाटलं. मामंजींनी तुला वाचवलं, मग मी का बुडवावं, असा विचार करत काल सगळा दिवस काढला.

पण मल्लू माळ्यावरून खाली आलाय. बापाच्या डोक्याची जखम त्यानं पाहिली. कोयता परजून ठेवलाय. म्हणतो, त्या दवाखान्यात पायर्‍या पुसून ओल्या कुणी ठेवल्या ते शोधणार आणि त्याचे दोन्ही हात तोडणार. उद्याच्या पहिल्या गाडीनं निघतोय, आणि तो बोलतो ते करतो हे तुला माहीत आहे. तू एका हातावरून अंदाज केलास. आता हा एका जखमेवरून करणार. कुणा झाडूवाल्याचे हात जातील, त्यालाही कुणी बहीण असेल.

म्हणून मी सांगणार आहे. आज संध्याकाळी सगळे एकत्र बसले की तुझं नाव घेणार आहे, आणि अव्वाचंही. त्यानंतर या घरात मला ठेवतील की नाही ते मी विचारात घेतलेलं नाही.

कृष्णातची गाडी दुपारी कोल्हापुरात पोचेल. दिवे लागेपर्यंत मी तोंड उघडत नाही, तेवढा वेळ तुझा. पत्र वाचलंस की जेवायलाही थांबू नकोस. अव्वाला बरोबर घे, पोलीस ठाण्यात जा आणि तुम्हाला आत घ्यायला सांग. आज मल्लू पोचणार नाही अशी तेवढीच एक जागा मला सुचते.

अक्का