खालच्या दोन खोल्यांबाबत

मी, श्रीमती चंद्राबाई कृष्णात बर्गे, वय ७६, मूळ राहणार कोरेगाव, हल्ली विश्रामबाग, सांगली, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने करते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा उदयसिंह तो मागणारच. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. यजमान फौजेतून परतल्यावर त्यांनी हे घर माझ्या नावे बांधले. वरचा मजला उदयसिंहला देते. पाटल्या आणि बँकेतील ठेव मुलगी क्रांतीला. कोरेगावच्या जमिनीतील माझा हिस्सा दोघांना निम्मा निम्मा. बांधावरून भांडू नये.

२. तळमजल्याच्या दोन खोल्यांबद्दल मात्र सविस्तर लिहावे लागेल.

तिथे राहीबाई सहा वर्षे भाड्याने होती. पाटणची, नवरा वारलेला. भाकऱ्या करून कॉलेजच्या मुलांना डबे द्यायची. शेवटची दोन वर्षे तिच्या मोरीतला नळ झटके देत होता. "काकू, नळाला करंट येतुया. हाताला मुंग्या येत्यात." मी उदयसिंहला सांगितले. तो म्हणाला, "चप्पल घालून नळ सोडा म्हणावं." पुन्हा सांगितले. "बघतो." गणपती झाले, दिवाळी झाली, पुन्हा गणपती झाले, बघणे काही झाले नाही. वरचे आमचे पाइप प्लॅस्टिकचे, आम्हाला काही जाणवत नव्हते. मीही दर वेळी "सांगते हं त्याला" म्हणून जिना चढत होते. आणि हा माणूस दिवसभर लोकांना विम्याच्या पॉलिसी समजावतो!

गेल्या श्रावणात सकाळी हंडा भरताना तिला असा झटका बसला की ती मोरीच्या कठड्यावर आपटली. जीव वाचला, उजवे मनगट मोडले. हाड जुळले, पण बोटे वळत नाहीत. भाकरी थापता येत नाही. ती पाटणला भावाकडे निघून गेली. आठव्या दिवशी उदयसिंहने फाटकावर 'खोल्या भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावली. नळ तसाच!

त्याच दिवशी मी माझी गादी जिन्यावरून घसरवत खाली आणली. उदयसिंह धावत आला.

"आई, हे काय चालवलंयस? लोक काय म्हणतील?"

"नवी भाडेकरू आलीया म्हणून सांग. उद्या सकाळी त्या नळाचं पाणी मी भरणार हाय. अनवाणी."

सकाळी मी चूळ भरायच्या आत वायरमन बिराप्पा दारात हजर. पाण्याच्या मोटारीची वायर सोलवटली होती, अर्थिंगची तार गंजून तुटली होती, त्यामुळे खालच्या लोखंडी पाइपांत वीज उतरत होती. त्याने सगळे बदलले आणि वीज गळाली तर आपोआप बंद पडणारा स्विच बसवला. अडीच तास. एवढेच काम होते! उदयसिंह वाईट नाही. माझ्या गोळ्यांची वेळ तो कधी चुकवत नाही. म्हणूनच जास्त संताप येतो.

३. सबब, या दोन खोल्यांत राहीबाईने हयातभर बिनभाड्याने राहावे. तिच्यामागे त्या क्रांतीच्या. राहीबाईने स्पष्ट नकार दिला तरच क्रांतीने भाडेकरू ठेवावा, आणि तोही दरवर्षी परवानाधारक वायरमनकडून तपासून, लेखी दाखला घेऊन. दाखला नाही तर भाडेकरू नाही. उदयसिंहने यात लक्ष घालू नये. घालायचे तेव्हा घातले नाही.

४. हे सांगायला मी क्रांतीबरोबर पाटणला गेले होते. राहीबाईने डाव्या हाताने चहा केला. मी म्हटले, "नळ नीट केलाय. खोल्या तुझ्याच. चल." तिने कप माझ्यापुढे ठेवला.

"मी हुते तवा तुमी खाली यायचं हुतं, काकू."

तिचे म्हणणे खरे आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

तिने हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. तिचे ठरेपर्यंत, कितीही वर्षे लागोत, त्या खोल्या रिकाम्या ठेवाव्यात. तिला कोणीही घाई करू नये.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

(सही) चंद्राबाई कृष्णात बर्गे

आमच्यासमक्ष त्यांनी सही केली, त्यांच्यासमक्ष आम्ही केली:
१. डॉ. अनीश रानडे, विश्रामबाग
२. बिराप्पा लक्ष्मण कोळेकर, वायरमन, सांगली

ठिकाण: सांगली
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५