पोथीतली अळणी बाई

आत्या, तुले वाचता येत नव्हतं. म्हणजे तू जिती असती तरी हे पत्र मीच तुले वाचून दाखवलं असतं, अन् वाचता वाचता जिथं माह्या अंगाशी येते तिथं बदललं असतं. आता तू नाही, तं बदलाची सोय बी नाही. काल अमरावतीले माह्या नव्या कादंबरीची सभा होती. कॉलेजातली एक पोरगी उभी राहिली अन् भर सभेत इचारते, "तुमाले या प्रेमाच्या गोष्टी सुचतात कुठून?" मी म्हटलं, "बाई, मी बडनेऱ्याच्या टेशनावर जाऊन बसतो. गाडी चुकलेल्या बाया लय बोलतात." सारे हसले. मागं अचलपुरात हेच इचारलं तवा मी सांगतलं होतं का आमच्या गल्लीतली मनिहारीन चाची बांगड्या भरता भरता घराघरातलं आणते अन् मी तिच्यापासून उचलतो. अकोल्यात सांगतलं का बायको भांडली का एक प्रकरण होते. यातलं काहीच सपशेल खोटं नाही. पण घरी आलो, जेवलो, अन् मले वाटलं का खरं काय ते एकदा तरी लिहून पाहावं. खरं लिहाची मले सवय नाही, म्हणून हळू लिहून राहिलो.

मले शाळेतून काढलं ते तुले चांगलं ठाऊक होतं. हेडमास्तरच्या अक्षरात मी दारावर कागद चिकटवला होता का त्याईचे मामा वारले, सबब शाळेस तीन दिवस सुट्टी. शाळा एका घंट्यात रिकामी. दुसऱ्याच दिवशी ते मामा बाळापूरहून टांग्यात बसून पान खात खात भाच्याले भेटाले आले. ते माह्यं पयलं प्रकाशित साहित्य. बाबानं झोडलं, आई रडली, अन् तू चुलीपाशी बसून इचारते, "मामाच काऊन मारला रे? काका काऊन नाही?" मी हुंदके देत म्हटलं, "काका गावात असते. लोक पाहाले गेले असते." तुनं भाकर उलटली अन् म्हटलं, "डोकं तं आहे बाप्पा, वळण नाही." माह्या लिखाणावर याच्याहून खरी टीका मंग कोणी केली नाही.

त्याच साली चातुर्मासात, आपल्या मारुतीच्या देवळात पोथी वाचणाऱ्या म्हाताऱ्या महाराजाच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. दुपारची जेवणं झाली का तुमी साऱ्या बाया तिथं जमत होत्या. मांडीवर कापूस, हातानं वाती वळणं चालू, कान पोथीकडे. आता वाचाचं कोणं? तुनंच माह्यं नाव पुढं केलं. "आमच्या पोट्ट्याले बसवा. त्याची शाळा सुटली, कायमची." मी पंधरा वर्षांचा, धोतर नेसून चौरंगापाशी बसलो, अन् आठ दिवस इमानानं वाचलं. नवव्या दिवशी पानं उलटली तं मधली पाच-सहा पानं वाळवीनं खाऊन त्याची पार जाळी झाली होती. तुमी साऱ्या माह्याकडे पाहून राहिल्या. पानं खराब झाली एवढं सांगणं दोन शब्दांचं काम होतं. पण मले पाहाचं होतं का न सांगतलं तं काय होते. मी त्या जाळीवर बोट ठेवलं अन् त्याच सुरात चालू केलं का एका सावकाराची सून होती, तिचा नवरा परमुलखात गेला तो आलाच नाही, तवा तिनं मीठ सोडलं. अन् वरून एक ओवी बी ठोकून देल्ली:

अळणी जेवली बारा मास । मनी पतीची धरिली आस ।
अवचित दारी येईल खास । प्राणनाथ तो ॥

पोथीत 'खास' कुठून आला, कोणी हटकलं नाही. पण मले तवा एक गोष्ट दिसली. वाती थांबल्या. पंधरा-वीस बायांचे हात कापसात तसेच राहिले. आजही एक प्रकरण लिहून झालं का मी बायकोले वाचून दाखवतो, ती तांदूळ निवडत असते. तिच्या तोंडाकडे मी पाहात नाही, तोंड नवऱ्याची लाज राखते. बोटं थांबली तं प्रकरण पास, नाही तं फाडून टाकतो. माह्या प्रकाशकाले वाटते का मी लय विचार करून लिहितो.

वाळवीनं खाल्ली पाच-सहा पानं, पण मी त्याच्यावर वीस-बावीस दिवस काढले. खरी पोथी तशीच पुढं वाट पाहात पडली. पलीकडच्या आळीतल्या बाया बी ऐकाले येऊ लागल्या. सकाळी विहिरीवर मी बादली घेऊन उगाच रेंगाळत जाऊ, अन् जे कानावर येईन ते दुपारी पोथीत घालू. एकीची सासू भाकरी मोजून डब्यात ठेवे, ते मी अळणी बाईच्या सासूले देल्लं. एकीचा दीर रोज टोमणे मारे, तोही त्या घरात आणून बसवला. जिची सासू तिलेच ओळखू येत नव्हती! ती पदरानं डोळे पुसून म्हणे, "काय वं माय, त्या काळी बी असंच होतं!" मले आत हसू फुटे, अन् हसता हसता नवल बी वाटे. तिचं दुःख तिनं सकाळी सांगतलं तवा तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. तेच दुपारी दुसरीचं म्हणून ऐकलं तं रडली. हे असं काऊन होते, मले अजून समजलं नाही. याच्यावरच माह्यं पोट चालते.

मंग एक दिवस मी जेवाले बसलो तं तुनं वरणात मीठ टाकाच्या आंधी आपली वाटी काढून बाजूले ठेवली. भाजीची तशीच. मी आईले इचारलं. आई म्हणते, "तुह्या आत्यानं मीठ सोडलं. पोथीतल्या बाईनं नवरा यावा म्हणून सोडलं ना." माह्या हातातला घास तसाच राहिला. तुह्या नवऱ्याले अकरा वर्षं झाली होती. भुसावळले रेल्वेत नोकरी लागली म्हणून गेला, एक कागद नाही का निरोप नाही, अन् तू आपल्या भावाच्या घरी चुलीपाशी. मी तं मजाक केली होती. मी दुसऱ्या दिवशी तुह्या वाटीत चोरून मीठ टाकलं. तुनं एक घास घेतला, ताट सरकवलं अन् म्हटलं, "मोडलं. आता पयल्या दिवसापासून." म्हणजे माह्या शहाणपणानं तुह्ये झालेले दिवस बी वाया गेले. त्याच्यानंतर एका दुपारी तू विहिरीवर दोर ओढता ओढता खाली बसली. पायात गोळे, तोंड पांढरं. वैद्य म्हणे मीठ खा, तू म्हणे व्रत आहे. घरात सारे तुले समजावत होते, अन् समजवाचं काम एकट्याचं होतं, माह्यं.

खरं सांगाची हिंमत झाली नाही. मी काय करू शकत होतो? पोथीतल्या नवऱ्याले घरी आणला असता तं तू जन्मभर दाराकडे पाहात राहिली असती. त्याले मारला असता तं साऱ्या बायांनी तुह्याच कपाळाकडे पाहिलं असतं. मंग मी देवी आणली, म्हातारीच्या रूपात, भीक मागाले. ती सुनेच्या हातची अळणी भाजी खाते अन् थुंकते. इथवर ओवीत होतं. पुढं माह्यं यमक सुटलं अन् सूरही सुटला, अन् देवी सरळ बोलाले लागली, "काऊन वं पोरी, तो तिकडं खारं-तिखट खाऊन राहिला, येत नाही तो, अन् तू इथं अळणी कोणासाठी? खाय मीठ!" मंग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणते, "देवी आपल्या इकडचीच आहे म्हणाची!" साऱ्या हसल्या. मी तुह्याकडे पाहिलं. तू हसली नाही. तुह्ये हात थांबले बी नाही. वात वळली, बाजूले ठेवली, दुसरी घेतली.

दुसऱ्या दिवशी जेवताना तुनं माह्या समोर बसून आपल्या ताटाच्या कडेले चिमूटभर मीठ वाढून घेतलं. "देवी म्हणते तं खाते बाप्पा," म्हटलं. मंग हळूच इचारलं, "अजून किती पानं खाल्ली रे वाळवीनं?" मी म्हटलं, "झाली. आता खरी पोथी." तू म्हणते, "लय हुशार वाळवी आहे." तुले ठाऊक होतं तं! मी इचारलं, "कवापासून?" "खोटं सांगताना तू मान डोलावते. लहान होता तवापासून." "मंग मीठ काऊन सोडलं वं आत्या?" तुनं माह्या ताटात भात वाढला. म्हटलं, "नुसती वाट कशी पाहाची? काहीतरी कराले लागते."

या वाक्याचा मी लय विचार केला. माह्या साऱ्या नायिका काही ना काही सोडून बसलेल्या असतात, कोणी आरसा, कोणी गोड, एकीनं तं चहा सोडला. वाचकाईले वाटते हे प्रेम आहे. खोटी गोष्ट खोटी आहे हे समजूनही माणूस तिच्यात आपलं ताट मांडते, हे मले तुनं दाखवलं. अन् माह्या साऱ्या कादंबऱ्याईत शेवटी माणूस परत येते, दार वाजते, ती उघडते. टीकाकार म्हणतात, याले दुसरा शेवट येत नाही.

दार वाजलं होतं, आत्या. त्या चातुर्मासाले दोन वर्षं झाली असतील. दुपारची वेळ, बाबा बाजारात, आई शेजारी, तू मागं पापड वाळू घालत होती. मी उघडलं. दाढी वाढलेला माणूस, अन् त्याच्या बोटाले धरून चार-पाच वर्षांची पोरगी. म्हणे, "मी या घरचा जावई." एवढंच बोलला अन् थांबला, मी काही म्हणतो का म्हणून. मी म्हटलं, "ते लोक अंजनगावले राहाले गेले. आमी नवे आहोत." मान डोलावली असंल मी, पण त्याले माह्यी खोड कुठून ठाऊक? पोरीनं पाणी मागतलं. मी देल्लं. तिनं दोन हातानं लोटा धरून सारा पेला. ते गेले. तुनं मागून हाक मारली, "कोण हाय रे?" "वाटसरू. पाणी पेऊन गेला." "अरे, मंग बसवून जेवू घालाचं ना! दुपारची वेळ, संग लेकरू असंल नसंल." लेकरू होतं हे बी मी सांगतलं नाही. तू त्याच्या चार वर्षांनी गेली, तोवर रोज म्या तुह्याच हातचं खाल्लं.

हे प्रकाशकाले दिसलं तं म्हणंल, याची कादंबरी कर. याची नाही करत. फाडून टाकत बी नाही, पेटीत तळाशी ठेवतो. लोकाईले मी कवा सांगतलं तं हेच सांगीन का तुह्या भल्यासाठी केलं, पोरगी पाहून तुह्यं काळीज फाटलं असतं. पण तू मान पाहाले इथं नाही, म्हणून सांगतो: तवा मले तुह्यी आठवण बी आली नव्हती. मी सतरा वर्षांचा होतो, अन् तो घरात आला असता तं माह्यी देवी खोटी पडली असती.