जागणाऱ्या बायांची मोजणी

नागपूर,
चैत्र, १९५५

प्रिय गिरजा, माझ्या बाई,

हे अक्षर पाहून तू आधी पत्र उलटून बघशील, कोणाचं आहे म्हणून. आजवर माझी पत्रं बंगल्यावरच्या बाबुलाल माळ्याच्या हातची येत होती, गोल गोल, एकाला एक लागलेली अक्षरं. हे वाकडं अक्षर माझं आहे. दिवाळीपासून संध्याकाळच्या वर्गात जाते. आमच्या मास्तरीणबाई म्हणतात, पत्र लिहायचं तर शाळेतल्या भाषेत लिहावं, म्हणून तसं लिहिते आहे. मधेच आपली बोली शिरली तर हसू नकोस. एवढं लिहायला मला चार दिवस लागले. ‘क्ष’ अजून येत नाही, तो लागेल असा शब्दच मी टाळते.

इथं ऊन तापायला लागलं. तिकडं मोह गळत असेल. दुपारी डोळे मिटले की मला आपला तलाव दिसतो, कुरखेड्याच्या वाटेवरचा, आणि पहाटेचा तो मोहाचा वास येतो, गोड, जरा जडच. तुला आठवतं का ते सांगता येत नाही, तू फार लहान होतीस. तुझा बाप मासळी राखायला रात्री तलावाच्या पाळीवर झोपायचा. मी त्याचा भात घेऊन जायची आणि तिथंच कलंडायची, तू आमच्या दोघांच्या मधे. पाण्यावरून वारा यायचा. मासा उसळला की तू झोपेतच हसायचीस. उन्हाळ्यात तर सारं गावच अंगणात झोपायचं, कोणाची बाज कोणाच्या दाराशी, याचा कोणी हिशेब धरत नव्हतं. बाहेर झोपणं हे काही दुःख असतं, हे मला नागपुरात येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

आता जे लिहायचं ते लिहिते. सिव्हिल लाइनीच्या बंगल्यात मी चारच महिने होते.

तुझा बाप हिवतापात गेला आणि पत्रूमामानं आपल्याला घरात घेतलं. पुढं कुरखेड्याच्या जंगलसाहेबाच्या बाईंना तान्ह्या लेकरासाठी आया पाहिजे होती, आणि साहेबाची बदली नागपूरला झाली तशी मी त्यांच्याबरोबर आले, हे तुला माहीत आहे. तू दहा वर्षांची होतीस. मी सगळ्यांदेखत अंगणात सांगितलं होतं की गिरजेला शिकवीन आणि एक दिवस बंगल्यावर बोलावीन. चार महिन्यांत साहेबाची पुन्हा बदली झाली, दूर सागरला. लेकराला सांभाळायला तिकडं त्याची आजी होती. बंगल्यात नवे लोक आले ते आपली माणसं घेऊन आले. बाईंनी मला दोन लुगडी दिली, डोक्यावर हात ठेवला, आणि मी फाटकाच्या बाहेर उभी राहिले. परत यायचं मनात होतं. पण मामाच्या घरात त्याचीच चार लेकरं, आणि अंगणातलं ते माझं बोलणं. माळी तेवढा जुनाच राहिला होता. बाबुलाल म्हणाला, “पत्रं इथंच येऊ द्या, मी ठेवून देईन.” तेवढा पत्ता माझा राहिला. माझ्या पत्रांतून तू वाचत होतीस ती दोन खिडक्यांची खोली, तो चाफा, ते कौलांवरचे पोपट, ते सारं बाबुलालच्या खोलीतलं. तो बसल्या जागेवरून दिसेल ते लिहायचा आणि मी त्याला थांबवायची नाही. ऐकता ऐकता मलाही ती खोली आवडायला लागली होती.

दिवसा संत्रामार्केटात काम मिळालं. टोपलीत तणस अंथरायचं, वर संत्री लावायची. रात्रीचं मात्र जमेना. स्टेशनातल्या बायांच्या खोलीत दोन रात्री काढल्या, तिसऱ्या रात्री तिकीट विचारलं. तेव्हा मनकर्णा भेटली. ती आपल्याकडचीच, गोंडपिपरीची, वयानं माझ्याहून मोठी. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, “रातच्याले आडवी होऊ नको, गोकुळे. बाईनं राती चालाचं अन् दिवसा निजाचं.” तिच्याकडं एक पितळी डबा होता. तो हातात धरून आम्ही दोघी चालायचो. शिपायाला वाटायचं, मोठ्या दवाखान्यात कोणाचं जेवण घेऊन चालल्या. डब्यात काही नसायचं. चालता चालता ती तिच्या गावच्या गोष्टी सांगायची, मी आपल्या. पेंगता पेंगता चालण्याची सवय झाली की शहर पाण्याखालून दिसल्यासारखं दिसतं बघ. दिवे हलतात. फरशांवर माणसं ओळीनं पडलेली असतात, काठावर ओढून ठेवलेल्या डोंग्यांसारखी. आम्ही त्यांच्या कडेकडेनं जायचो, कोणाची झोप मोडू नये म्हणून पाय हळू टाकत. आणि दुपारी काम सुटलं की जुम्मा तलावाच्या पायऱ्यांवर पदर तोंडावर घेऊन झोपायचं. पाण्याचा वास यायचा, आणि मी थेट आपल्या पाळीवर पोचायची. उठल्यावर कुठं आहोत हे कळायला थोडा वेळ लागायचा. तो वेळ मला फार आवडायचा. अशी चार वर्षं गेली. मधे एका दिवाळीला मी घरी आले होते, चांगलं लुगडं नेसून. तू माझ्या कुशीत झोपलीस. मी रात्रभर जागीच होते, सवयीनं.

मागच्या साली पौषात शहराच्या कमिटीनं मोजणी काढली. राजधानीच्या शहरात किती माणसं उघड्यावर झोपतात, ते मोजायचं आणि मग काय करायचं ते ठरवायचं. आमच्या वॉर्डात जलालुद्दीन नावाचे कारकून आले, हातात कंदील, काखेत वही. चांद्याचे आहेत, त्यांच्या अब्बांचं तिथं शिलाईचं दुकान. पडलेल्या माणसाच्या तोंडावर ते उजेड पाडत नसत, पायाकडं कंदील धरून मोजत. त्या रात्री आम्ही त्यांना तीनदा आडव्या गेलो, दवाखान्याच्या कोपऱ्यावर, मार्केटात, आणि पहाटे स्टेशनाशी. तिसऱ्यांदा ते थांबले आणि म्हणाले, “बाई, रातभर डबा नेऊन राह्यल्या तुम्ही. पेशंट हाय तरी कुठी?”

मनकर्णा म्हणाली, “पेशंट कोनी नाई, भाऊ. आमीच हावो.”

त्यांनी डबा उघडायला लावला नाही. कंदील खाली ठेवला आणि वही चाळत बसले. मग म्हणाले, या वहीत पुरुष आहेत एकशे ब्याण्णव आणि बाया नऊ. “मले वाटलंच होतं, कुठी तरी चुकते,” असंही म्हणाले. मनकर्णेनं सांगितलं, “ह्या नऊ निजणाऱ्या. जागणाऱ्या कोन मोजन?” त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं आणि माझ्याकडं पाहिलं. आणि मी काय केलं, गिरजा? मी म्हटलं, “मी बंगल्यात राह्यतो. हिच्या सोबतीले आली.” त्यांनी मान हलवली आणि माझं नाव लिहिलं नाही.

पुढचे पंधरा दिवस मी त्यांच्याबरोबर दुपारी हिंडले. बाया परक्या पुरुषाला सांगायच्या नाहीत, म्हणून मी पुढं जायची. तलावाच्या पायऱ्या, देवळाचे मंडप, दवाखान्यामागची चिंच, धोब्यांचे दगड. दिवसा झोपलेली बाई रात्री कुठं असते, हे तिच्या पायांवरून कळतं, टाचांवरून. मी शेजारी बसायची, ती उठेपर्यंत वाट पाहायची. तेव्हा लिहिता येत नव्हतं, म्हणून आपण मासळीच्या टोपल्या मोजतो तशी कोडीनं मोजत गेले. संध्याकाळी जलालुद्दीनभाऊंना एकेक नाव सांगायची, ते लिहायचे. भरलं तीन कोडी सात. सदुसष्ट बाया, एका वॉर्डात. त्यांत एक सात महिन्यांची पोटुशी होती, आणि एक म्हातारी, जिला वाटायचं की ती अजून घरीच आहे.

मोठ्या साहेबापुढं वही गेली तेव्हा भाऊंनी मलाही नेलं, बंगल्यात राहणाऱ्या बाई म्हणून ओळख करून दिली. साहेब वाईट माणूस नव्हता. पण तो म्हणाला, “दिवसा झोपणारी बाई बेघर कशी म्हणायची? दुपारी माझी बायकोसुद्धा झोपते.” लोक हसले. माझ्या तोंडून निघून गेलं, “साहेब, त्या उठतात तवा घरीच असतात. आमी उठतो तवा कुठी जाचं ते ठरवा लागते.”

साहेबानं विचारलं, “आम्ही म्हणजे? या बाई तर बंगल्यात राहतात ना?”

त्या वेळी मला तू दिसलीस. तू मैत्रिणींना सांगत असशील, माझी आई बंगल्यात राहते. ते एक वाक्य मी इतकी वर्षं तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं, आणि भरल्या कचेरीत ते मोडायचं होतं. तुला कुरखेड्यात ऐकू जाईल असं मला वाटलं, खरंच वाटलं. मी म्हटलं, “तो आकडा चुकला, साहेब. अडुसष्ट लिहा.”

जलालुद्दीनभाऊंनी टाक उचलला आणि लिहायला लागले. नाव, गोकुळा. गाव, कुरखेड्याजवळ. मग हळूच म्हणाले, “राहणार?” मी म्हटलं, “कुठीच नाई.” त्यांनी तसंच लिहिलं. मला माझं नाव तेव्हा वाचता येत नव्हतं, तरी मी किती वेळ त्या ओळीकडं पाहत राहिले. वाटलं, आता मी कुठं तरी आहे.

होळीच्या सुमारास जकातीचं एक रिकामं गोदाम बायांसाठी उघडलं. आतून कडी लावता येईल असं दार आम्ही मागून घेतलं, बाकी काही मागितलं नाही. पहिल्या रात्री एकतीस बाया आल्या. दिवा बारीक केला, सगळ्या आडव्या झाल्या आणि कोणालाच झोप येईना. चालणाऱ्या पायांना पडून राहणं जमत नव्हतं. अंधारात कोणी कूस बदलायचं, कोणी उठून कडी चाचपून यायचं. दोन बाया तर भिंतीकडेनं आत चालतच राहिल्या. मग मनकर्णा घोरायला लागली, सुतारानं लाकूड कापावं तशी, आणि एक हसली, दुसरी हसली, आणि हसता हसता हळूहळू साऱ्यांचे श्वास एक झाले. मी कडीजवळ बसून ऐकत होते. पाळीवर बसून पाणी ऐकावं तसं.

आता मी तिथंच असते. कडी लावणं-काढणं माझ्याकडं आहे. एक कोपरा बांबूच्या तट्ट्यानं वेगळा करून मला दिलाय, त्यात खाट आहे. संध्याकाळी तिथंच वर्ग भरतो. यंदा माघात पुन्हा मोजणी झाली, दिवसाची आणि रात्रीची, दोन्ही. आमच्या वॉर्डात बाहेर राहिलेल्या बाया चौदा. भाऊ म्हणाले, चांगलं आहे. मी त्या चौदांकडं जाते अधूनमधून. एकीला बंद दाराची भीती वाटते, एकीजवळ शेळी आहे आणि शेळीला आत घेत नाहीत, त्याचं बोलणं चालू आहे. पुरुष मात्र अजून तसेच पडलेले असतात, त्यांच्यासाठी गोदाम मिळालं नाही. आणि ती म्हातारी गेली, आमच्याकडंच, झोपेत. तिला वाटत होतं ती घरी आहे. मी तिला कधी नाही म्हटलं नाही.

संक्रांतीनंतर तुझं एकही पत्र आलं नाही. मला वाटलं, कामात असशील, धानाची मळणी असेल. बाबुलालही माघात आपल्या गावी गेला होता, म्हटलं पत्र कुठं तरी पडून राहिलं असेल. गेल्या आठवड्यात तो सांगत आला. बंगल्याच्या चौकीदारानं सहज गोष्टीत काढलं म्हणे, की माघात एक मुलगी आली होती, सोळा-सतरा वर्षांची, एकटीच, हातात वाळल्या मोहाची पोटली. गोकुळा आया कुठं आहे विचारत होती. आतल्या लोकांनी सांगितलं, या नावाची आया इथं कधी नव्हती. ती समोरच्या झाडाखाली दिवस मावळेपर्यंत बसून राहिली आणि मग उठून स्टेशनाच्या वाटेनं गेली. आपल्या गावच्या वाटेची, नागभीडकडं जाणारी छोटी गाडी सकाळची असते, गिरजा. सकाळपर्यंत गाडी नाही. तू माझ्यावर राग धर, मला आई म्हणू नकोस, पुन्हा ये किंवा येऊ नकोस, ते तुझ्या मनावर आहे. पत्ता खाली लिहिला आहे, आणि तो खरा आहे. पण मला एकच ओळ लिहून पाठव. त्या रात्री मी एकेक बाई आत घेऊन कडी लावली आणि खाटेवर जाऊन झोपले. त्या रात्री तू कुठं झोपलीस?

तुझीच,
आई
गोकुळा, बायांचं गोदाम, जुना जकात नाका, नागपूर