साहेबाच्या पायातले बूट

आबा, तुमाला जाऊन लई वर्सं झाली. लिहायचं कधी डोक्यात आलं न्हाई, अन् मला लिहायचा कंटाळाच. चौथीपर्यंत शिकले, त्यातलं निम्मं इसरले. नातीच्या वहीतलं पान फाडून घेतलंय. ती म्हनली, "आजी, कोनाला लिहून राहिली?" म्हनलं, "तुला काय करायचं, तू आपला आभ्यास कर."

झालं असं की काल नातू मोबाइल घेऊन माझ्यापाशी बसला. त्यात दोन पोरं पोलिसाचे कपडे घालून बाजारात फिरून राहिली व्हती. एका भाजीवाल्या म्हातारीला म्हनतात, चल ठान्यात. म्हातारी हात जोडते, पाटीवर पदर झाकते, रडकुंडीला येते. मंग ती पोरं हसतात अन् म्हनतात, मावशी गंमत व्हती, तिकडं कॅमेरा हाय. नातू पोट धरून हसला. मी उठले. "काहून उठली आजी? हसायचं हाय हे." म्हनलं, "त्यांच्या अंगावर खोट कुठं ठेवलीय, ती दाखव मला." त्याला कसं कळनार. त्याचा पनजा बहुरूपी व्हता हे बी त्याला कोनी सांगितलं न्हाई. मीच न्हाई सांगितलं.

तुमी म्हनायचे, सोंग घ्यायचं तर त्यात एक खोट ठेवायची. फौजदार झाले तर कमरेला पट्ट्याच्या जागी सुतळी. डाक्टर झाले तर गळ्यात नळीच्या जागी बैलाचा कासरा. साहेब झाले तर वरून टोपी, कोट, हातात कागदाची गुंडाळी, अन् खाली पाय उघडे. "बघनाऱ्याला धरता आलं पाह्यजे. धरलं की तो हसतो. धरताच आलं न्हाई तर ती फसवनूक झाली, अन् आपुन फसवनारे न्हाई." सुगी झाली की तुमी गाव धरायचे. सात दिवस सात सोंगं, अन् आठव्या दिवशी आपल्याच धोतरात दारोदार जायचं, मंग बाया सुपात ज्वारी घेऊन बाहेर यायच्या. मला आठवते ती जवळा बाजारातली दुपार. तुमी फौजदार, मी तुमच्या मागं. बांगड्यावाल्या चाचाला तुमी दम देऊन राहिले, अन् चाचा बांगड्या पुसता पुसता खाली बघतो अन् म्हनतो, "फौजदारसाब, पट्टा बकरी खा गई क्या?" सगळा बाजार हसला. तुमी सगळ्यांत जास्ती हसले. धरल्या गेल्याचा तुमाला केवढा आनंद व्हायचा.

मंग तो मोठा दुष्काळ आला. सुपात घालायला कोनापाशी काही न्हाई. तुमी कनेरगावाकडं जाऊन आले, झोळी जशी नेली तशी आनली. मायनं विचारलं, तर म्हनले, "लोक दार लावून घेतात. एक म्हातारा बोलला, पाव्हनं, यंदा हसू बी शिल्लक न्हाई." माझं तवा लगीन होऊन सहा म्हयने झाले व्हते. मालक अन् मी शिरड शहापूरकडं तळ्याच्या सरकारी कामावर. ते माती वाहायचे, मी खडी फोडायची. हजेरीच्या वहीत नाव असलं तरच काम, अन् काम केलं तरच सांजच्याला खायला सरकारी सुकडी पदरात. लांबलांबून मान्सं यायची. ज्यांचं नाव नसायचं ती बाभळीखाली बसून राह्यची, कोनी आजारी पडलं तर आपला नंबर लागंल म्हनून.

माझ्या शेजारी एक बाई बसायची, तोंडाची फटकळ. हातोडा मारता मारता म्हनायची, "तुझा बाप साहेब व्हतो म्हनं. पायात खेटर न्हाई अन् साहेब." बाया हसायच्या. मी आपली खडी फोडायची.

तुमी एका सांजच्याला आमच्या घरी आले अन् म्हनले, उद्या दुपारी कामावर सोंग घेऊन येतो. मी म्हनलं, "तिथं कोन काय देनार तुमाला?" तुमी म्हनले, "देऊ नये कोनी. लई दिस झाले, कोनाला हसताना पाह्यलं न्हाई. मला कसंतरी व्हायलंय. घडीभर हसले तरी बस." सकाळी तुमी कोट झटकून राहिले तवा मी ट्रंकेतून मालकाचे लग्नातले बूट काढले अन् तुमच्या म्होरं ठेवले. म्हनलं, "घाला. खडी तापलेली असते, पाय भाजतील." तुमी म्हनले, "पाय उघडेच लागतात पोरी." मी म्हनलं, "मंग येऊच नका." तुमी बुटाकडं पाह्यलं, मंग माझ्या तोंडाकडं पाह्यलं, अन् खाली बसून घातले. नाडी बांधता येत न्हवती. ती बी मीच बांधली.

दुपारची सुट्टी हाय. मान्सं सावलीला टेकलीत. तुमी बांधावरून येऊन राहिले, टोपी, कोट, हातात कागद, पायात बूट. अन् मुकादम, तो खरा मुकादम, धडपडून उठून उभा राह्यला. मला हसू आलं. वाटलं, काय झ्याक दिसून राहिला माझा बाप. तुमी कागद उलगडला अन् मोठ्यानं वाचलं, "सरकारचा हुकूम हाय. ज्याचं नाव हजेरीत न्हाई, त्याचं बी नाव आजच्याला लागंल." ह्याच्या म्होरं तुमचं ठरलेलं असायचं: म्हशीला मोसंबी, सासूला सुट्टी, सुनंला पलंग. लोक तिथं हसायचे. पन तुमी तिथवर पोचलेच न्हाई. बाभळीखालची सगळी मान्सं उठली अन् तुमच्याकडं आली. कोनी पळत आलं न्हाई, कोनात तेवढा दम न्हवता. पन सगळी आली.

सगळ्यांत म्होरं एक बाई, कडंवर लेकरू. आठ दिवस बाभळीखाली बसलेली. तिनं तुमचे पाय धरले. बूट धरले. "साहेब, माझं नाव लिव्हा." तुमी टोपी काढली अन् म्हनले, "बाई, मी साहेब न्हाई. मी बहुरूपी हाय. हे सोंग हाय." तिला कळंना. तुमी परत सांगितलं, अंगातला कोट बी काढून दाखवला. ती तुमच्याकडं बघते, कोटाकडं बघते, बुटाकडं बघते. मंग म्हनते, "असू द्या. तुमी कोन बी असा. नाव तेवढं लिहून घ्या."

तुमाला लिहिता येत न्हवतं, आबा. तुमी कानामागची पेनसल काढली, तिचं नाव विचारलं, अन् त्या कागदावर वेड्यावाकड्या रेघा वढल्या. तिनं बघितलं अन् तिचा जीव भांड्यात पडला. मी दहा हातांवर व्हते, हातोडा हातात. मला लिहिता येत व्हतं. मी उठले न्हाई. मुकादम तुमच्या अंगावर वरडत व्हता, बाया पदराआडून बघत व्हत्या. अन् हसलं कोनी न्हाई.

दुसऱ्या दिवशी ती बाई सगळ्यांच्या आधी टोपलं घेऊन रांगेत उभी. मुकादम म्हनला, "तुझं नाव कुठं हाय?" ती म्हनली, "काल साहेबानं लिव्हलं." त्यानं तिला रांगेतून काढलं. दिवसभर बाभळीखाली बसली, दोनदा माझ्याकडं बघितलं. तिसऱ्या दिवशी आली न्हाई. तुमी तिचं नाव पाठ केलं व्हतं. जवळा बाजारात इचारलं, शिरडात इचारलं, झाडाखाली पडलेल्या मान्सांत इचारलं. कोनाला ठाऊक न्हवतं.

सोंग घेतलं त्याच दिवशी सांजच्याला तुमी बूट काढले, धोतराच्या सोग्यानं पुसले अन् उंबऱ्यापाशी ठेवले. "जावयाचे हाईत. ठेवून दे." बस, तेवढंच. मंग नंबर लागला तवा तुमी बी खडी फोडायला लागले. पाऊस झाला, सुगी आली, कनेरगावहून निरोप आला की बहुरूपी काहून येत न्हाई, पोरं वाट बघून राहिली. माय म्हनली, "एक दिवस चुकला म्हनून कोनी धंदा सोडतं का?" तुमी म्हनले, "चुकलो ते चुकलो." मरस्तोवर मजुरी केली. टोपी घातली न्हाई की कोट घातला न्हाई. मला वाटायचं तुमी कधीतरी म्हनाल, बूट नसते तर धरल्या गेलो असतो, पहिल्याच झटक्याला लोक हसले असते. तुमी माझ्याम्होरं बुटाचं नाव काढलं न्हाई. मायपाशी बी न्हाई.

हे पान कुठं टाकायचं न्हाई, नातीच्या वहीतच राहील, न्हाईतर चुलीत जाईल. एकच सांगायचं व्हतं, त्यासाठी इतकं लांबलं. पाय भाजतील म्हनले ते खोटं व्हतं, आबा. तुमचे पाय आयुष्यभर उन्हात चाललेले, त्यांना काय भाजनार. त्या फटकळ बाईम्होरं मला माझा बाप उघड्या पायांचा नको व्हता. अन् त्या सकाळी तुमी बुटाकडून माझ्या तोंडाकडं पाह्यलं ना, तवा ते तुमाला कळलं व्हतं. कळलं म्हनूनच घातले. मला तवाच दिसलं व्हतं, अन् तरीबी मी खाली वाकून नाडी बांधली.