आईच्या शेजारी

शुंडे,
दुसऱ्या महिन्याची वीस तारीख, १९३६

प्रिय किट-हंग,

तू, भावजय आणि तान्ही खुशाल असाल. इकडे रेशमाच्या कोषांचा पहिला माल आला. कारखान्यात वाफेने समोरची बाई दिसत नाही. माझा घसा बसला आहे. मुकादमाला वाटतं, देव पावला.

तुझं पत्र पोचलं. चान घराण्यातला विशीत वारलेला मुलगा ताईसाठी ठरवलास म्हणे. देव्हाऱ्यात मेलेल्याच्या नावाची पाटी पुजतात, त्या त्याच्या पाटीशी तिच्या पाटीचं लग्न लागेल, मग सणासुदीला तिला तिथे उदबत्ती मिळेल. अरे, सतराव्या वर्षी स्वतःच्या हाताने अंबाडा बांधून, देवापुढे शपथ घेऊन जिने जिवंत नवरे नाकारले, तिला मेल्यावर मेलेला नवरा? आई गेल्यावर तुला पाठीवर बांधून उकळत्या पाण्यातून रेशीम कोणी काढलं? आणि तिसरे काका मिशी कुरवाळत सांगतात, "मुलगी परक्या घरची. बापाच्या देव्हाऱ्यात तिचं काय काम?" परकं घर कुठलं, ते तरी दाखवा म्हणावं!

हे सगळं मी चाळीस बायकांसमोर बाकावर उभी राहून बोलले. म्हटलं, ताईची पाटी आमच्या, अंबाडेवाल्या बायकांच्या घरात बसेल. कुणा पुरुषाच्या दयेवर नाही! टाळ्या थांबेनात.

इथवर लिहून दोनदा कागद फाडला.

लग्न न केलेली बहीण भावाच्या घरात मेली तर घर बुडतं, म्हणून तू तिला शेवटच्या दिवसांत आमच्याकडे हलवलंस. तुझ्यावर मी गावभर आग ओकले. पण खाटेची पायाकडची बाजू कोणी धरली होती, हे बाकावरून मी कधी सांगितलं नाही. तूही कुणाला सांगितलं नाहीस. तो तुझा चांगुलपणा.

त्या दिवशी तान्हीला ताप होता. मी, शकुन-अपशकुनांची टिंगल करणारी, पुस्तकं वाचून दाखवणारी, त्या पाळण्यात डोकावले आणि घाबरले. वाटलं, खरंच असलं तर? पुलावर ताई मला म्हणाली, "हळू गं! भाषणात एवढा जोर, आणि खाट धरताना हात लटपटतात होय?" मी हसले. तीही हसली. ताप वैद्याच्या काढ्याने उतरला, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

आता उरलेलं सांगते. जाण्याच्या आदल्या सकाळी तिने मला जवळ बोलावलं. "हंगला सांग, देव्हाऱ्यात मला आईच्या शेजारी ठेव. कोपरा चालेल."

"इथे आम्ही आहोत ना?" मी म्हटलं.

"तू आहेस गं. पण आई तिकडे आहे."

तो निरोप मी गिळला. मला माझ्या भाषणासाठी तिची पाटी हवी होती. तू तिला चानांकडे पाठवत होतास, मी आमच्याकडे ओढत होते. तिला काय हवं, ते फक्त मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. गेल्या आठवड्यात हे मी त्याच बाकावरून सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. फक्त आमच्यातली म्हातारी लुक आत्या म्हणाली, "मग घेऊन जा की तिला."

छिंगमिंगच्या सणाला, पूर्वजांच्या कबरी झाडून झाल्यावर, मी पाटी घेऊन तुझ्या दारी येते. अक्षरं लिहून झाली आहेत. शेवटच्या अक्षरावरचा ठिपका, ज्याने पाटीत जीव येतो, तो मुद्दाम द्यायचा बाकी ठेवला आहे. लोक त्यासाठी मानाचा माणूस बोलावतात. मला तुझा हात हवा.

काका ओरडतील. ओरडू देत, त्यांना मी पुरून उरेन. पण तुला नाही म्हणायचं असेल तर पत्राने कळवू नकोस. दारात ये, तिच्या नावाकडे बघ, आणि तिला सांग.

तुझी, आणि तिची अपराधी,
वाय-जिंग